प्रयोग चालू असताना सांगायचं नाही

६ जानेवारी, मंगळवार. ब्रह्मपुरी

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी गाडीतून उतरले तर कमलमावशीच्या ओट्यावर बिट्टी नव्हती. रोज असते. चार सीझन झाले, दिवाळी ते होळी: संध्याकाळी हिला मावशीकडे सोडायचं, आम्ही नवराबायकोने नाटकाच्या गाडीत बसायचं, आणि सकाळी वडशाला परत आलं की ही स्वेटर घालून ओट्यावर. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, आज शिट्ट्या किती?" आज ओटा रिकामा.

आत खाटेवर होती. डावं कोपर सुजून बेलफळाएवढं. हळद-तेल लावून मावशीच्या जुन्या ओढणीत गळ्यात बांधलेलं.

"कवा पडली?"

"राती. जेवणाच्या आंधी. लोखंडी पेटीवरून."

"अन् फोन?"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही विसरलेय. "तुमचा प्रयोग होता ना वो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारची बाई भाकर तव्यावर टाकून बाहेर आली होती, एवढं पुरे.

कोपराच्या वरचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, "रातभर कुठी होते तुम्ही?" स्टेजवर होतो, असं सांगायची लाज वाटली. सूज थोडी उतरली की उद्या बेशुद्ध करून तारा घालणार. प्रमोद खिडकीशी उभा आहे आणि कठड्यावर त्याची बोटं ऑर्गन वाजवतायत. त्याला कळतही नाही.

७ जानेवारी

झालं. दोन तारा. शुद्धीवर आल्यावर बाईसाहेबांचं पहिलं वाक्य, "मावशी कुठी आहे?" आई इथे उभी, बाप तिथे उभा, आणि हिला मावशी पाहिजे. राग आला. मुका पण घेतला.

मावशी खाली पायरीवर बसली होती. वडशाहून जीपने आलेली, मांडीवर खिचडीचा डबा. मी डबा घेतला नाही. प्रमोदने घेतला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला, निर्लज्ज. भूक मलाही होती.

९ जाने.

घरी. प्लास्टरवर प्रमोदने लाल पेनाने पडदा काढून दिलाय, झालरीसकट. आल्यागेल्याला दाखवून झाला.

आज तिने स्वतःहून सांगितलं. मी विचारत नव्हते, भीती वाटत होती.

"आम्ही नाटक करत होतो. मी तू होती."

म्हणजे तिसऱ्या अंकातली मी. तुळशीजवळ कोसळते ती. यंदाच्या नाटकात त्याच एका पडण्यावर माझं सगळं नाव आहे. त्याच्यावरच शिट्ट्या.

"पेटीवर उभी राहिली अन् तुझ्यासारखी पडली. एकदम खरी!"

"मग?"

"मग टाळ्या."

"दुखलं नाही का गं?"

"दुखलं ना. पण टाळ्या चालू होत्या. टाळ्या चालू असल्या का उठाचं नाई."

हा नियम मावशीचा. मी नाटकाच्या पार्टीत नवीन होते तेव्हा तिनेच शिकवला, ती तेव्हा आमची मुख्य नटी. पडलेल्याने टाळ्या थांबेपर्यंत हलायचं नाही, डोळा सुद्धा नाही. माझं ते पडणं तिचंच आहे, तिने मला दिलेलं. आणि आता माझ्या लेकीला दिलं. पोरगी उठत नाही म्हणून मावशी कौतुकाने टाळ्या वाजवत राहिली, आणि मावशी टाळ्या वाजवतेय म्हणून पोरगी उठली नाही. मोडलेला हात अंगाखाली घेऊन पडून राहिलं माझं बाळ.

न्हाणीत जाऊन रडून घेतलं. रात्री प्रमोदला सांगितलं. त्याला आधी हसू आलं, आणि मग ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

१२ जाने.

सासूबाई सिंदेवाहीहून आल्या, होळीपर्यंत राहणार. म्हणजे रात्रीची सोय झाली. आल्या आल्या, "तिच्यावर केस करा. पोरीचा हात हाय, सोंगटी नाई." मी पण तेच म्हणत होते, पण त्यांनी म्हटलं की मला लगेच मावशीची बाजू घ्यावीशी वाटते. सासूचा गुण, काय करणार.

पार्टीच्या मालकाचा फोन. पोरीची चौकशी केली, चांगली केली, खोटं कशाला बोलू. मग, "बाई, केस-बिस सीझन झाल्यावर पाहू ना. पोट्टे कुठी ठेवतील सारे?" ते खरंय. मावशीकडे अजून पोरं झोपतात. आमच्या खलनायकाचीच दोन आहेत.

१४ जाने.

खलनायकाच्या हातून मावशीचा तिळगूळ आला. गोड बोल म्हणायला स्वतः आली नाही. शहाणी आहे.

१९ जाने., सोमवार

वकीलबाईंकडे गेलो, ब्रह्मपुरीला. प्रमोदचं मन नव्हतं, मीच ओढत नेलं.

त्यांनी पहिल्यांदा पेनच खाली ठेवला. "रातचं पाळणाघर?" मग सगळं सांगितलं. वडशात नाटकाच्या पार्ट्या, सगळे रात्री बाहेर, दिवसा अंगणवाडी असते पण रात्री लेकरं कोणापाशी? मावशीने स्टेज सोडलं आणि आमची पोरं धरली. पाटी नाही, नोंदणी नाही, पण सीझनभर घर भरलेलं.

"पैसे देत होते?"

"हो. फोनवरून."

"मग झाली ती सेवा. मावशी म्हना का काकू म्हना." ग्राहक आयोगात जाता येतं, गडचिरोलीला. पैसे घेऊन काळजी घ्यायची आणि ती नीट घेतली नाही, असा मुद्दा. मुदत दोन वर्षं. वकिलाशिवायही तक्रार देता येते, "पन मी हाय ना."

पोलिसांतही जाता येतं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, आणि निष्काळजीपणाने झाली तर गुन्हा. "पन बाई, तिथी गेलं का मग ते तुमच्या हातात राहत नाई. उद्या मन बदललं तरी." प्रमोद लगेच म्हणाला, नको. त्या दिवशी सकाळी ओट्यावर कोणी विचारलं असतं तर मी स्वतः मावशीला बेड्या घातल्या असत्या.

दिवाणी दावाही आहे, भरपाईचा. तो बिट्टीच्या नावाने लावायचा, आम्ही फक्त पालक म्हणून उभं राहायचं. इथे वकीलबाईंनी जे सांगितलं ते डोक्यातून जात नाहीये. "हक्क पोरीचा हाय. तुमचा नाई. तुम्ही मोठ्या मनानं माफ केलं म्हनून तिचा हक्क मिटत नाई. मोठी झाल्यावर ती विचारू शकते. दावा लागल्यावर तडजोड कराची म्हटलं तरी कोर्टाले विचारा लागते, पोरीचं नुकसान तर नाई ना म्हनून."

मालकाचं विचारलं, कारण मावशीकडे ठेवा असं पहिल्या वर्षी त्यानेच सांगितलं होतं. तोंडी होतं म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. नोटिशीत नाव घालून पाहू म्हणाल्या. महिला-बालविकासच्या ऑफिसातही अर्ज देता येतो, पुढे कोणी रात्रीची पोरं ठेवली तर नियमात ठेवावी म्हणून. पण त्यांचा सल्ला आधी नोटीस. उत्तर कसं येतं ते पाहायचं, मग आयोग. दवाखान्याचे कागद, एक्स-रे, पहिल्या दिवशीचे फोटो सगळं जपून ठेवायला सांगितलं. पहिल्या दिवशी फोटो कोण काढतं? सासूबाईंनी काढले होते म्हणे, नंतर, चेहऱ्यासकट सगळे हललेले.

उठता उठता त्या म्हणाल्या, "टाळ्यांचं मी समजू शकते. ते कोनाकडूनही होईल. खरा मुद्दा रातचा हाय. फोन काऊन नाई केला? प्रयोग चालू होता, हे आयोगापुढं टिकत नाई."

मी म्हटलं, "तुम्ही नाटकात काम केलेलं दिसत नाही."

"पाहते ना दरवर्षी. तुमचं पडनं पाहिलं यंदा. रडली होती मी."



२२ जाने.

प्रयोग चालू असताना कलाकाराला वाईट बातमी सांगायची नाही. हा नियम मावशीने काढलेला नाही, तिच्याही आधीपासून आहे. आमच्या पार्टीत पोरगं पोरगं जाणतं. मैदानात गावोगावचे लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर करून आलेले असतात, घोंगड्या पांघरून बसलेले असतात. त्यांचा काय दोष, म्हणून.

बाबा गेले तेव्हा मी चामोर्शीकडे स्टेजवर होते. निरोप दुसऱ्या अंकाआधी आला होता, मावशीने पदराखाली दाबून धरला. पडदा पडल्यावर मला विंगेत जवळ घेतलं आणि मग सांगितलं. तेव्हा मी तिच्या पाया पडले होते. मनापासून.

वकीलबाईंना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.

पण बाबा गेले होते, ते माझ्या धावत जाण्याने येणार नव्हते. बिट्टीच्या हाडाला सकाळपर्यंत थांबून चालणार होतं का गं मावशी? तुला फरक कळू नये? इतकी नाटकं केलीस.

३ फेब्रु.

तारा काढल्या. ओरडली, डॉक्टरला "तुम्ही खलनायक आहे" म्हणाली. आमच्या खऱ्या खलनायकाला सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी. ह्या माणसाला बलात्काराचा सीन कसा जमतो देव जाणे, घरी कोंबडी कापताना बाहेर जाऊन उभा राहतो.

हात वाकतो, सरळ होत नाही. व्यायाम दिलाय. मी रोज तेल चोळते आणि ती मला शिव्या देते, दोघींचा व्यायाम.

८ फेब्रु.

खलनायक आज गाडीत माझ्या शेजारी बसला. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झालं, मग, "वैशूताई, एक सांगू? मावशीनं ती पेटी विकून टाकली. पोट्टे आता सारे खालीच झोपते. अन् फोन करून राह्यली ती. सारखा."

ते मलाही माहीत होतं. पंधरा दिवस झाले, मावशी प्रयोग चालू असताना प्रॉम्प्टरला फोन करते. खलनायकाच्या पोराला उचकी लागली. सांगा त्याले. मेकअपमनची मुलगी झोपत नाही. सांगा तिच्या बापाले. काल तर मधल्या अंकात खलनायक तलवार घेऊन निघाला आणि विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "तुह्या पोरानं दूध नाई पेलं." तलवार हातात तशीच. पब्लिकला वाटलं त्याचं मन पालटलं, टाळ्या पडल्या.

मालक वैतागलाय. मी हसले, गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल इतकी हसले. मग तो म्हणाला, "केस झाली तर ती बंद करून टाकीन ना सारं. माह्ये पोट्टे कुठी ठेवू मी?" मी म्हटलं, माझ्या पोरीचा हात मी कुठे ठेवू ते आधी सांग. त्याने परत खिडकीकडे तोंड केलं. उतरताना त्याने माझी पिशवी उचलून दिली.

१५ फेब्रु.

महाशिवरात्र. यात्रेतून सासूबाईंनी बिट्टीला लाकडी चाकाची गाडी आणली. उजव्या हाताने ओढते. डाव्याने ओढ म्हटलं की, "तो हात सुट्टीवर आहे." ही माझीच लेक.

रात्री प्रमोदशी भांडण. तो म्हणतो, मावशीकडे मागून मिळणार काय? मी म्हटलं, मला मिळायचं काही नाही, पण उद्या ही मोठी होऊन विचारेल, आई, माझ्या हातासाठी तू काय केलंस? मी काय सांगू, तीन प्रयोग जास्त केले? मग तो म्हणाला, "नोटीस देऊ. पोलीस नको." ठीक आहे. ठरलं.

२१ फेब्रु., शनिवार

काल मी आणि बिट्टी डॉक्टरांकडे. प्रमोद दुपारीच साउंडच्या गाडीने पुढे गेला होता, मूल गावाकडे प्रयोग.

डॉक्टरांनी हात सरळ करून पाहिला. एका जागी येऊन थांबतो, पुढे जात नाही. व्यायाम करत राहा, पावसाळ्यानंतर पाहू, तेव्हाही असाच राहिला तर ऑपरेशनचा विचार. पूर्ण सरळ होईलच असं सांगत नाही, म्हणाले. मी विचारलं, उशिरा आणलं म्हणून का? "सूज फार होती, हाड बसवणं अवघड गेलं. पण लगेच आणलं असतं तर हे झालंच नसतं, असं मी लिहून देऊ शकत नाही. अन् झालं असतंच, असंही नाही."

बिट्टीला सासूबाईंपाशी सोडलं आणि कलाकारांच्या गाडीत बसले. तोंड दुखेपर्यंत आवळून धरलं होतं. पोचले तेव्हा प्रमोद ऑर्गनवर बसून सूर लावत होता. लांबूनच ओरडला, "काय म्हणलं डॉक्टर?"

"चांगलं आहे म्हणे. तू सूर लाव."

रात्र पार पडली. तुळशीजवळ कोसळले. शिट्ट्या नेहमीसारख्या.

सकाळी परतताना रस्त्यावरच्या टपरीत चहा घेताना सांगितलं. तो कप हातात घेऊन उभा राहिला. मग इतकंच, "रात्री काऊन नाई सांगितलं?"

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "तुझा प्रयोग होता ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पण त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. मला कळलंच नाही कधी ते वाक्य माझं झालं.

माझं वेगळं होतं. रात्री त्याला सांगून हात सरळ होणार नव्हता. मावशीच्या वेळी रात्र हातची जात होती. वकीलबाई हाच फरक मांडतील आणि बरोबर मांडतील. पण मी कुठे एवढा विचार केला होता? प्रमोदचा हात ऑर्गनवर दिसला आणि तोंड आपोआप मिटलं.

२२ फेब्रु., रविवार

उद्या सही. वकीलबाईंनी नोटीस तयार ठेवलीय.

सकाळी ठरवलं की मावशीला आधी तोंडाने सांगायचं. हे तिला पोस्टमनने सांगावं असं आमचं नातं नाही. बिट्टीला घेऊन गेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. नको म्हणत होते, पण ती चपला घालून दारात उभी होती.

मावशी तांदूळ निवडत होती. बिट्टी पळत गेली. मावशीने सूप बाजूला ठेवलं, आधी डावा हातच हातात घेतला, हळू सरळ केला, आणि जिथे तो थांबतो तिथे बरोबर थांबली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"इथीच थांबते?"

"हो."

"डाक्टर काय म्हनते?"

मी म्हटलं, चहा ठेवते. चहा ठेवला. मग उन्हाचं काहीतरी बोलले. मग तिच्या गुडघ्याचं विचारलं. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा विषय गुडघ्यावर नेला. बिट्टी पेटी कुठे गेली म्हणून घरभर शोधत होती.

शेवटी मावशीच म्हणाली, "तू दारात उभी राह्यली तवाच समजलं मले, काहीतरी सांगाले आली. लपवते काऊन? मले आता कोनता प्रयोग हाय वो? मले कवाही सांगता येते."

मग सांगितलं. डॉक्टरांचं, नोटिशीचं, आयोगाचं, हक्क पोरीचा आहे ते. ती ऐकत राहिली. पदर डोळ्याला लावला नाही, मान हलवत होती फक्त. "बरोबर हाय," म्हणाली. "तिच्या हाताचं तू नाई पाहाचं तर कोन पाहीन?" मला तिने थोडं भांडायला हवं होतं. ती भांडलीच नाही, म्हणून मी परवाचंही सांगून टाकलं. मूलचा प्रयोग, प्रमोदला सकाळपर्यंत सांगितलं नाही ते.

तेव्हा भांडली. सूप आपटलं. "त्याले काऊन नाई सांगितलं? बाप हाय तो! रातभर बाजा वाजवत बसला अन् तू तोंड शिवून? अक्कल हाय का तुले?" असं रागावली की बिट्टी आतून पळत आली. पार्टीत नवीन होते तेव्हा चुकले की अशीच रागवायची. आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. हात सुपावर तसाच राहिला. मी सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले.

निघताना बिट्टी म्हणाली, मी इथीच जेवते. मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, बरं, जेव.

घरी एकटीच आले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. प्रमोदने विचारलं, "उद्या जायचं ना?" मी हो म्हटलं. त्याने परत विचारलं नाही.

मावशीचा दोनदा फोन येऊन गेला. एकदा जेवली म्हणून, एकदा झोपली म्हणून. हे लिहितेय तर पुन्हा वाजतोय.